कर्णनाद : त्रासाच्या मापनाचा इतिहास

कर्णनाद : (कान वाजणे). बाहेर ध्वनीचा कोणताही उगम नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, या लक्षणास कर्णनाद म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. आवाज शिळेसारखा, रातकिड्याच्या किरकिरीसारखा, वाफेच्या सूंकाराप्रमाणे, घुमण्यासारखा किंवा घंटानादासारखा असू शकतो. तो एका कानात, दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या मध्यभागी जाणवतो. कधी अधूनमधून येतो, तर कधी अहोरात्र चालू राहतो. बहुसंख्य रुग्णांत तो केवळ रुग्णालाच ऐकू येतो. रक्तवाहिनीतील प्रवाह किंवा स्नायूंचे आकुंचन यांमुळे निर्माण होणारा व वैद्यालाही श्रवणनलिकेने ऐकता येणारा कर्णनाद क्वचितच आढळतो.

जे दुसऱ्याला ऐकू येत नाही, ते मोजावयाचे कसे, हा या लक्षणाच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे त्या आवाजामुळे होणारा त्रास कसा मोजावा. आवाजाचे मापन आणि त्रासाचे मापन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वैद्यकाच्या लक्षात येण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या मापनाचा इतिहास दिला असून, कर्जतसारख्या महाराष्ट्रातील ग्रामीण तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

मराठीत ‘कान वाजणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. एक प्रत्यक्ष लक्षणाचा आणि दुसरा भास होण्याचा. कोणी न बोललेले ऐकू आल्यासारखे वाटले, की ‘माझे कान वाजले असतील’ असे म्हटले जाते. लक्षण आणि भास यांसाठी एकच शब्द वापरला जात असल्याने रुग्णाच्या तक्रारीकडे घरची माणसे मनाचा खेळ म्हणून पाहण्याचा संभव असतो. त्रासाच्या मापनाला जे सामाजिक महत्त्व आहे, ते यामुळेच. मापन झाले म्हणजे तक्रारीला आकार येतो व ती इतरांना मान्य करावी लागते.

कारणे व यंत्रणा : मोठ्या आवाजाचा दीर्घकालीन संपर्क, वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास, कानातील मळ, मध्यकर्णाचा दाह, मेन्येअर रोग, क्विनीन, ॲस्पिरीन व स्ट्रेप्टोमायसीन यांसारखी औषधे, डोक्यास झालेली इजा इ. कारणांनी कर्णनाद उद्‌भवतो. पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. अंतर्कर्णातील कर्णशंबुकात ध्वनीचे ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशकोशिका असतात. त्या नष्ट झाल्या, की श्रवण तंत्रिकेकडून मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणमार्ग आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि त्यातून आवाजाची जाणीव निर्माण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि सारखाच श्रवणऱ्हास असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीस कर्णनाद होतो व दुसरीस होत नाही. तसेच सारखाच कर्णनाद असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक तो विसरून जाते व दुसरीची झोप उडते. यांतील दुसऱ्या भेदाचा उलगडा केवळ कानाच्या तपासणीने होत नाही. लक्ष, भीती व भावना यांच्याशी निगडित असलेली मेंदूची केंद्रे त्यात गुंतलेली असतात.

प्राचीन उल्लेख : भारतीय वैद्यकात या लक्षणाची नोंद फार पूर्वीपासून आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड यांची स्वतंत्र गणना केली आहे. वाग्भट यांनी कर्णरोगांची संख्या २५ मानली, तर चरकसंहितेत त्यांचे ४ प्रकार दिले आहेत. कर्णनादाचे कारण शब्दवाही स्रोतसांत शिरलेला वात हे मानले होते. माधवनिदानात कर्णनादातील आवाजाची तुलना भेरी, मृदंग व शंख यांच्या आवाजाशी, तर कर्णक्ष्वेडातील आवाजाची तुलना वेणूच्या आवाजाशी केलेली आढळते. घुमणारा, नीच स्वराचा आवाज आणि शिळेसारखा उच्च स्वराचा आवाज असा भेद यात दिसून येतो. परिचित वाद्याशी तुलना करून न ऐकू येणाऱ्या आवाजाचे स्वरूप सांगण्याची ही पद्धत म्हणजे मापनाची पहिली पायरी होय.

ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटल यांच्या नावावर असलेल्या प्रॉब्लेमाटा या संग्रहात, बाहेर आवाज केला असता कानातील गुणगुण का थांबते, असा प्रश्न विचारला असून मोठा आवाज लहान आवाजाला घालवितो, असे त्याचे उत्तर सुचविले आहे. आवाजाने आवाज झाकण्याचे तत्त्व पुढे दोन हजार वर्षांनी मापनासाठी व उपचारासाठी उपयोगात आले.

अठरावे-एकोणिसावे शतक : फ्रेंच वैद्य झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) यांनी १८२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कर्णरोगांवरील ग्रंथात कर्णनादाचे पद्धतशीर विवेचन केले. त्यांनी बाह्य वा शारीरिक कारण असलेला ‘खरा’ आणि तसे कारण न सापडणारा ‘खोटा’ असे त्याचे वर्ग पाडले. रुग्णाच्या आवाजाशी मिळताजुळता बाहेरील आवाज (उदा., जळणाऱ्या ओल्या लाकडाचा सूंकार किंवा पडणाऱ्या पाण्याचा आवाज) सतत चालू ठेवावा, असा उपाय त्यांनी सुचविला. ईतार यांचे हे निरीक्षण मोलाचे असले, तरी ‘खोटा’ हा शब्द रुग्णांवर अन्याय करणारा ठरला.

त्रासाची तीव्रता या काळात वैद्यांच्या ग्रंथांपेक्षा कलावंतांच्या लेखनात व रचनांत अधिक स्पष्ट दिसते. जर्मन संगीतकार बेथोव्हन (१७७०–१८२७) यांनी १८०१ मध्ये आपल्या वैद्य-मित्राला लिहिलेल्या पत्रात कानांतील अहोरात्र चालणाऱ्या आवाजाची व त्यामुळे लोकांत मिसळणे टाळावे लागत असल्याची तक्रार केली होती. चेक संगीतकार स्मेटाना (१८२४–८४) यांनी १८७६ मध्ये रचलेल्या ‘माझ्या जीवनातून’ या तंतुवाद्य-चतुष्टकाच्या अखेरच्या भागात व्हायोलिनवर एक अतिशय उच्च, लांबविलेला ‘ई’ स्वर योजला आहे. बहिरेपणाच्या आरंभी आपल्या कानात घुमलेला आवाज त्यांनी या स्वराने दर्शविला. आवाजाची उच्चनीचता स्वराने नोंदविण्याचे हे उदाहरण आहे. परंतु त्या स्वराने उत्पन्न केलेला हादरा भोवतालच्या संगीतरचनेतूनच कळतो, एकट्या स्वरातून नव्हे. पुढील काळातील शास्त्रीय मापनासही हीच अडचण आली.

श्रवणमापकाचा काळ : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर (१८६६–१९४९) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रवणमापक तयार केला. १९२२ मध्ये वैद्य एडमंड प्रिन्स फाउलर आणि भौतिकीविज्ञ आर. एल. वेगेल यांनी निर्वात नलिकांवर चालणारा श्रवणमापक प्रचारात आणला. ठराविक कंप्रतेचा व ठराविक तीव्रतेचा शुद्ध स्वर ऐकविणे त्यामुळे शक्य झाले. वेगेल यांना स्वतःला कर्णनादाचा विकार होता. १९३१ मध्ये त्यांनी आपल्याच कर्णनादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला यंत्राचे स्वर ऐकवून ‘तुमच्या आवाजासारखा कोणता’ असे विचारणे, ही जुळवणीची पद्धत येथून रूढ झाली.

फाउलर यांनी १९४० च्या सुमारास या पद्धतीने अनेक रुग्ण तपासले. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आपला आवाज आगगाडीच्या शिट्टीएवढा किंवा धबधब्याएवढा मोठा आहे असे सांगणाऱ्या रुग्णांतही, त्याच्याशी जुळणारा यंत्राचा स्वर रुग्णाच्या श्रवणसीमेच्या फक्त ५ ते १० डेसिबेलच वर असे. १९४२ मध्ये फाउलर यांनी यास मोठेपणाचा भ्रम असे म्हटले. या निष्कर्षाचा दुहेरी परिणाम झाला. आवाज आटोपशीर आहे असे सांगून रुग्णाला धीर देता येऊ लागला, पण त्याच आकड्याच्या आधारे रुग्ण अतिशयोक्ती करतो, असा ग्रहही दृढ झाला. वस्तुतः ज्या कंप्रतांना कान क्षीण झालेला असतो, तेथे थोड्याशा वाढीनेही आवाज फार मोठा वाटू लागतो. त्यामुळे श्रवणसीमेवरील डेसिबेलांचा लहान आकडा जाणिवेचा लहानपणा दर्शवीत नाही, हे नंतर स्पष्ट झाले.

१९५३ मध्ये एम. एफ. हेलर व एम. बर्गमन यांनी केलेला प्रयोग या विषयात वारंवार उल्लेखिला जातो. श्रवणशक्ती सामान्य असलेल्या ८० प्रौढ व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवून, काय ऐकू येते ते लिहून देण्यास सांगितले. त्यांतील ९४ टक्के व्यक्तींनी कोणता ना कोणता आवाज ऐकू आल्याचे नमूद केले. पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचे कान वाजतात, असा याचा अर्थ होतो. म्हणून ‘आवाज आहे की नाही’ हा प्रश्न रोगी व निरोगी यांच्यात सीमारेषा आखण्यास अपुरा ठरतो. ती सीमारेषा त्रासाच्या आधारेच आखावी लागते.

जर्मन कर्णतज्ञ हाराल्ड फेल्डमान यांनी १९७१ मध्ये कर्णनाद झाकण्यासाठी किती आवाज लागतो, याचे आलेख काढले. कर्णनाद विरुद्ध बाजूच्या कानात दिलेल्या आवाजानेही झाकला जाऊ शकतो आणि सामान्य ध्वनींच्या बाबतीत लागू पडणारे नियम त्यास लागू पडत नाहीत, असे त्यांना दिसून आले. त्यामुळे त्याचा उगम केवळ कानात शोधणे अपुरे ठरले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पोर्टलंड येथे जॅक व्हर्नन यांनी श्रवणयंत्रासारखे आच्छादक यंत्र उपचारासाठी वापरले. स्वराची उच्चनीचता, मोठेपणा, झाकण्यास लागणारा किमान आवाज आणि यंत्र बंद केल्यावर कर्णनाद काही काळ दबून राहणे, ही चार मापे त्यांच्या कार्यामुळे प्रचलित झाली.

आवाज व त्रास यांची फारकत : १९७० च्या दशकात रुग्णांच्या संघटना उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये श्रवणशक्ती गमावलेले संसद-सदस्य जॅक ॲश्ली यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये कर्णनादग्रस्तांची संघटना स्थापन झाली. १९८१ मध्ये लंडन येथील सिबा प्रतिष्ठानाच्या परिसंवादात मापनाच्या पद्धतींची चर्चा झाली. रुग्णांच्या संघटनांमुळे तज्ञांना रुग्णांच्या अनुभवाचे भांडार प्रथमच मोठ्या प्रमाणावर खुले झाले.

१९८३ मध्ये रिचर्ड टायलर व एल. जे. बेकर यांनी एका स्वसाहाय्य गटातील ७२ सभासदांना, कर्णनादामुळे येणाऱ्या अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहून काढण्यास सांगितले. झोप न लागणे, आवाजाचा अखंडपणा, बोलणे समजण्यातील अडचण, निराशा, चिडचिड, एकाग्रता न होणे इ. गोष्टी त्यांत पुढे आल्या. आवाजाच्या उच्चनीचतेपेक्षा दैनंदिन जीवनातील व्यत्यय रुग्णांना महत्त्वाचा वाटत होता. पुढील बहुतेक प्रश्नावल्यांचा पाया अशा यादीत आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅलम व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये अभ्यस्ततेचा सिद्धांत मांडला. घड्याळाची टिकटिक काही वेळाने ऐकू येईनाशी होते, त्याप्रमाणे बहुतेक लोकांना कर्णनादाचीही सवय होते. ज्यांना ती होत नाही, त्यांच्या बाबतीत त्या आवाजाला धोक्याचा अर्थ चिकटलेला असतो, असे या सिद्धांताचे सार आहे. अनेक रुग्णांच्या उत्तरांचे घटक विश्लेषण केले असता, आवाजाचा मोठेपणा आणि मानसिक त्रास हे दोन वेगळे घटक म्हणून पुढे आले. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी श्रवणमार्ग व भावनांशी संबंधित मेंदूची केंद्रे यांच्यातील जोडणीवर आधारित प्रतिकृती मांडून या फारकतीला शरीरक्रियावैज्ञानिक बैठक दिली.

प्रश्नावल्यांचा उदय : हॅलम यांनी १९८८ मध्ये ५२ विधानांची कर्णनाद प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक त्रास, श्रवणातील अडचणी, आवाजाचा शिरकाव, निद्रानाश व शारीरिक तक्रारी असे तिचे विभाग होते. १९९४ मध्ये गेरहार्ड ग्योबेल व वोल्फगांग हिलर यांनी तिची जर्मन आवृत्ती प्रमाणित केली. तीत ० ते ८४ गुण असून ३० पर्यंत सौम्य, ३१–४६ मध्यम, ४७–५९ तीव्र व ६० पासून पुढे अतितीव्र अशा श्रेणी ठरविल्या गेल्या. दरम्यान १९९० मध्ये एफ. के. कुक, टायलर व सहकारी यांनी २७ विधानांची, तर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील पी. एच. विल्सन व सहकारी यांनी २६ विधानांची प्रश्नावली तयार केली.

सर्वाधिक प्रसार झाला तो क्रेग न्यूमन, गॅरी जेकबसन व जॅकलीन स्पिट्झर यांनी अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाधा-सूचीचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये क्षती, असमर्थता व बाधा असे तीन भिन्न स्तर केले होते. अवयवातील दोष ही क्षती, त्यामुळे एखादी क्रिया न जमणे ही असमर्थता आणि त्यामुळे समाजातील जीवनात येणारी अडचण ही बाधा होय. सूचीच्या नावात याच तिसऱ्या स्तराचा निर्देश आहे. सूचीत २५ प्रश्न असून ते दैनंदिन कार्य, भावना व हतबलता अशा तीन गटांत मोडतात. ‘होय’ या उत्तरास ४, ‘कधी कधी’ यास २ व ‘नाही’ यास ० गुण दिले जातात. एकूण गुण ० ते १०० असून ते नेहमी सम संख्येत येतात. ब्रिटनमधील ए. मॅकोम्ब व सहकारी यांनी २००१ मध्ये या गुणांच्या पाच श्रेणी सुचविल्या : ०–१६ अत्यल्प, १८–३६ सौम्य, ३८–५६ मध्यम, ५८–७६ तीव्र व ७८–१०० अतितीव्र. पहिल्या श्रेणीतील रुग्णाला आवाज फक्त शांततेतच जाणवतो, तर शेवटच्या श्रेणीतील रुग्णाला कोणतेच काम नीट करता येत नाही, असे या श्रेणींचे स्थूल वर्णन आहे. सूची छापील एका पानात मावते, काही मिनिटांत भरून होते व तिची बेरीज कोणासही करता येते, ही तिच्या लोकप्रियतेची कारणे होत.

तथापि तीनच पर्याय असल्याने उपचारानंतर झालेला लहान बदल या सूचीत दिसून येत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी मेरी माइकल व सहकारी यांनी २०१२ मध्ये कार्यात्मक निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यातही २५ प्रश्न आहेत, पण प्रत्येकाचे उत्तर ० ते १० या श्रेणीवर गेल्या आठवड्यातील अनुभवाला अनुसरून द्यावयाचे असते. शिरकाव, नियंत्रणाची जाणीव, विचारशक्ती, झोप, श्रवण, विश्रांती, जीवनमान व भावना असे त्याचे आठ विभाग आहेत. एकूण १०० पैकी सु. १३ गुणांची घट झाली, तर रुग्णाला प्रत्यक्ष बरे वाटते, असे संशोधकांनी सुचविले.

मापनाचा उपयोग : कर्णनाद कायमचा घालविणारे औषध उपलब्ध नाही. जेथे खात्रीचा उपाय नसतो, तेथे उपायांची जाहिरात मात्र भरपूर होते. कर्णनाद आपोआप कमीजास्त होत असल्याने कोणत्याही तेलाचा वा गोळीचा गुण आल्यासारखा वाटतो. त्रासाचे प्रमाणित माप हाती आल्यामुळेच अशा दाव्यांची परीक्षा करता येऊ लागली. जिंकगो वृक्षाच्या पानांचा अर्क कर्णनादावर गुणकारी मानला जात असे. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक व्यक्तींवर केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरला नाही. उलट नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथे ४९२ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार व वर्तन यांवर भर देणाऱ्या मानसोपचाराच्या जोडीने दिलेल्या टप्प्याटप्प्याच्या उपचारांनी वर्षभरात त्रास कमी झाल्याचे प्रश्नावल्यांच्या आधारे दिसून आले. या उपचाराने आवाज नाहीसा होत नाही, त्याची भीती कमी होते. केवळ आवाज मोजला असता, तर हा उपचार निरुपयोगी ठरला असता.

दुसरा उपयोग निकड ओळखण्याचा आहे. जीव नकोसा झाल्याची भावना व्यक्त करणारा रुग्ण गुणांच्या बेरजेची वाट न पाहता तातडीने मानसोपचारतज्ञाकडे पाठविणे आवश्यक असते. तसेच एकाच कानातील कर्णनाद, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज किंवा अचानक आलेला बहिरेपणा असल्यास प्रश्नावलीपूर्वी कानाची तपासणी करणे इष्ट असते. [⟶ बहिरेपणा].

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक समालोचनानुसार प्रौढांपैकी सु. १४ टक्के व्यक्तींना कधी ना कधी कर्णनाद जाणवतो, तर सु. २ टक्के व्यक्तींत तो तीव्र स्वरूपाचा असतो. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच आवाज आणि त्रास यांतील अंतर होय.

नुकसानभरपाई व कायदा : अमेरिकेत माजी सैनिकांना मिळणाऱ्या सेवाजन्य विकारांच्या भरपाईत कर्णनादाचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. तेथे दीर्घकाळ चालत आलेल्या नियमानुसार कर्णनाद एका कानात असो वा दोन्ही, त्यास १० टक्के असमर्थता धरली जाते. त्रासाच्या गुणांचा तीत विचार होत नाही. भारतात कारखान्यातील गोंगाटामुळे येणारा श्रवणऱ्हास हा व्यवसायजन्य विकार म्हणून मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दोन्ही कानांत ७० डेसिबेल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबेल ऱ्हास असलेली व्यक्ती कमी ऐकू येणारी मानली आहे. या व्याख्येत कर्णनादाला स्थान नाही. त्यामुळे ४० डेसिबेल ऱ्हास आणि रात्रभर झोपू न देणारा कर्णनाद असलेला कामगार श्रवणमापकाच्या कागदावर जवळजवळ निरोगी ठरू शकतो.

महाराष्ट्र व कर्जत तालुका : भारतात श्रवणविज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्थेत १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. मुंबईत १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बहिरेपणाचे प्रतिबंधन व नियंत्रण यांसाठी केंद्र शासनाने २००६-०७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. या सर्व कार्याचा भर स्वाभाविकच बहिरेपणावर राहिला आहे. बाधा-सूचीची रूपांतरे जगातील अनेक भाषांत व कन्नडसारख्या भारतीय भाषांतही झाली असली, तरी ग्रामीण जीवनाशी त्यांतील प्रश्नांची सांगड घालण्याचे काम सोपे नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कर्जत तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. हा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. भीमा नदी त्याच्या दक्षिणेकडून वाहते. तिच्या काठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक हे क्षेत्र आहे. राशीनचे देवीमंदिर व रेहेकुरी येथील काळविटांचे अभयारण्यही याच तालुक्यात आहे. अशा विरळ वस्तीच्या माळरानावरील रात्र शांत असते आणि शांतता ही कर्णनाद जाणवण्यास अनुकूल परिस्थिती आहे. शहरातील रुग्णाचा आवाज रहदारीत बुडून जातो, रानात वस्तीवर राहणाऱ्याचा बुडत नाही. दुसरीकडे पिठाची गिरणी, मळणी यंत्र, डिझेल इंजिन व ट्रॅक्टर यांवर वर्षानुवर्षे काम करणारे, यात्रा-मिरवणुकांतील ढोल-ताशे व ध्वनिक्षेपकांच्या भिंतींजवळ असणारे, तसेच सैन्यातून निवृत्त झालेले लोक ग्रामीण भागात असतात. मळणी यंत्रावर कानांचे संरक्षण क्वचितच वापरले जाते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, तर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निर्णयात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक व आवाजाच्या फटाक्यांवरील बंदीला बळकटी दिली. हे नियम शहराप्रमाणेच तालुक्यालाही लागू आहेत.

परदेशात तयार झालेली सूची अशा तालुक्यात जशीच्या तशी वापरता येत नाही. कर्णनादामुळे वाचन अवघड जाते का, किंवा बाहेर जेवावयास वा चित्रपटास जाण्याचा आनंद घेता येतो का, अशा आशयाचे प्रश्न तीत आहेत. निरक्षर वृद्ध स्त्री पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणेल, पण त्याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही. तिच्यापुरता तो प्रश्नच निरर्थक असतो. अशा प्रत्येक ‘नाही’ मुळे तिचे गुण घटतात. ज्याला अधिक त्रास आहे तोच कागदावर कमी पीडित दिसावा, हा दोष केवळ शब्दशः भाषांतराने दूर होत नाही. वाचनाऐवजी कीर्तन किंवा भजन ऐकणे, उपाहारगृहाऐवजी लग्नकार्य व बाजारचा दिवस, कार्यालयातील कामाऐवजी रात्री पिकाला पाणी देणे, असे समतुल्य प्रसंग योजावे लागतात. मग मूळ भाषेत उलट भाषांतर करून अर्थ टिकला की नाही ते पाहणे, थोड्या रुग्णांवर प्रश्न तपासून घेणे आणि शेवटी विश्वसनीयता व यथार्थता यांची संख्याशास्त्रीय परीक्षा करणे, या पायऱ्या आवश्यक असतात.

भाषेचाही प्रश्न आहे. ‘तुम्हाला निराश वाटते का’ या प्रश्नास ग्रामीण रुग्ण सहसा होकार देत नाही. ‘जिवाला चैन पडत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘कशात मन लागत नाही’ अशा शब्दांत तो तीच गोष्ट सांगतो. तक्रार शरीराच्या भाषेत येते म्हणून ती मानसिक नाही, असे नव्हे. प्रश्न तोंडी विचारावे लागतात आणि पुष्कळदा सोबत आलेला मुलगा किंवा सून रुग्णाच्या वतीने उत्तर देते. घरच्या माणसाने सांगितलेला त्रास व रुग्णाने सांगितलेला त्रास एकच नसतो, म्हणून उत्तर रुग्णाकडूनच घेणे इष्ट ठरते. त्रासाचे माप उपचारापूर्वी व नंतर असे दोनदा घ्यावे लागते. ऊसतोडीसाठी काही महिने गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत दुसरे माप राहून जाते.

मर्यादा : कोणतीही प्रश्नावली रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असते. रक्ताची वा मेंदूची कोणतीही चाचणी अद्याप तिची जागा घेऊ शकलेली नाही. खिन्नता व चिंता असलेल्या रुग्णाचे गुण वाढतात. ते कर्णनादामुळे की मूळच्या खिन्नतेमुळे, हे केवळ बेरजेवरून सांगता येत नाही. श्रवणऱ्हासामुळे येणाऱ्या अडचणीही कर्णनादाच्या खात्यावर जमा होतात. वेगवेगळ्या प्रश्नावल्यांचे गुण परस्परांत बदलता येत नाहीत. श्रेणींच्या सीमारेषाही सोयीसाठी आखलेल्या असतात. ३६ गुणांचा सौम्य व ३८ गुणांचा मध्यम रुग्ण यांच्यातील भेद एका प्रश्नाच्या ‘कधी कधी’ एवढाच असतो.

या मर्यादा ध्यानात घेऊनही त्रासाच्या मापनाने वैद्यकाच्या दृष्टीत महत्त्वाचा पालट घडविला, असे म्हणता येईल. भेरी-शंखांच्या उपमांपासून डेसिबेलांपर्यंतच्या प्रवासात आवाज अधिकाधिक अचूकपणे मोजला गेला, पण रुग्ण मागे पडला. १९८० नंतरच्या प्रश्नावल्यांनी रुग्णाचे म्हणणे हेच मोजण्याचे साधन ठरविले. त्यामुळे ईतार यांच्या वर्गीकरणातील ‘खोटा’ हा शब्द शास्त्रीय लेखनातून मागे पडला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र ‘कान वाजणे’ या शब्दप्रयोगातील भासाचा अर्थ अजून प्रबळ आहे. तेथील रुग्णाच्या भाषेत व त्याच्या जीवनाला धरून विचारलेले प्रश्न हाच तो अर्थ बाजूस सारण्याचा मार्ग होय.